कुरुळीची शाळा आणि जमिनीचा आणा

पुण्याहून नाशिककडे जाताना मोशीजवळ इंद्रायणीचा पूल ओलांडला की पिंपरी-चिंचवड महापालिकेची हद्द मागे पडते. पुढे चिंबळी, कुरुळी आणि मग चाकण. १९९७ मध्ये मोशी महापालिकेत गेली. कुरुळी मात्र खेड तालुक्यातच, ग्रामपंचायतीच्या कारभारात राहिली. त्यामुळे नदीच्या एका अंगाला महापालिकेच्या शाळा भरतात, तर दुसऱ्या अंगाला जिल्हा परिषदेच्या. या दुसऱ्या अंगाच्या शाळांचा इतिहास गुरुजींपेक्षा जमिनीच्या हिशेबातून अधिक नीट उलगडतो.

इंग्रजी अमदानी स्थिरावण्याआधी या भागातली शाळा म्हणजे पंतोजींची शाळा. देवळाच्या ओसरीवर किंवा कुणाच्या पडवीत ती भरे. धूळपाटीवर मुळाक्षरे, पुढे मोडीचे वळण, उजळणी, पावकी-निमकी आणि हिशेब एवढाच अभ्यास. पंतोजींचे पोट शिध्यावर आणि पालकांच्या खुशीवर चाले. मुलगी तिथे बसत नसे, आणि अस्पृश्य मानलेल्यांच्या मुलांना ओसरीची पायरीही बंद होती.

सरकारी शाळा खेड्यापर्यंत पोचली ती लोकल फंडातून. या फंडासाठी १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसवण्यात आली आणि १८६९ च्या कायद्याने ती पक्की झाली. या पट्टीचे दोन हिस्से रस्ते वगैरे कामांना, तर एक हिस्सा शाळांना मिळे. म्हणजे बाजरी-ज्वारी पिकवणाऱ्या जिरायत रानाने साऱ्यासोबत शाळेचाही पैसा भरायला सुरुवात केली. पाऊस दगा देवो की न देवो, आणा चुकत नसे.

तो आणा भरणाऱ्याचे पोर मात्र त्या शाळेत फारसे दिसत नव्हते. १८८२ मध्ये जोतीराव फुले यांनी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगाला निवेदन दिले, त्यात नेमके हेच दुखणे आहे. सरकारचा महसूल कष्टकऱ्यांच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना होतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप. शेतकऱ्यांची मुले दारिद्र्यामुळे आणि गुरे राखायला, शेत सांभाळायला लागतात म्हणून शाळेबाहेर राहतात, असेही त्यांनी नोंदवले. निदान बाराव्या वर्षापर्यंतचे शिक्षण सक्तीचे करावे आणि शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, अशा त्यांच्या मागण्या होत्या. आयोगापुढे आलेल्या कागदांत खेड्यातल्या शाळेचे इतके रोखठोक वर्णन क्वचितच सापडेल.

पुढची वाट कायद्यांची. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या हाती आल्या, १९४७ च्या कायद्याने जिल्हा स्कूल बोर्डे आली आणि १ मे १९६२ पासून सगळा कारभार जिल्हा परिषदेकडे गेला. १९८७ च्या ‘खडू-फळा’ मोहिमेने किमान दोन खोल्या, दोन शिक्षक हे माप ठरवून दिले.

१९६२ हेच वर्ष महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेचेही. गावची शाळा चालवणारी संस्था आणि गावची जमीन कारखान्यांना देणारी संस्था अशा एकाच वर्षी जन्मल्या. महामंडळाचा हात आधी पिंपरी-भोसरीत फिरला. चाकणच्या बाजूला मोठे वाहन कारखाने उभे राहिले ते १९९० च्या दशकाअखेरपासून. जे चाकण कांद्यासाठी आणि शनिवारच्या बाजारासाठी ओळखले जाई, त्याच्या भोवतीचे सातबारे प्लॉटमध्ये मोजले जाऊ लागले.

इथे जुना आणा नव्या रूपात परत येतो. जिल्हा परिषद हद्दीतल्या खरेदीखतावर मुद्रांक शुल्कासोबत एक टक्का जादा घेतला जातो आणि त्यात जिल्हा परिषद व ग्रामपंचायत यांचा वाटा असतो. शिक्षकांचे पगार राज्याच्या अनुदानातून होतात हे खरे. पण वर्गखोल्या, छपरे, स्वच्छतागृहे यांसाठी जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नाला मोल असते. पूर्वी कसलेली जमीन शाळेला पैसा देई, आता विकलेली जमीन देते. भर म्हणून २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करणे बंधनकारक केले. औद्योगिक पट्ट्यातल्या कित्येक शाळांच्या भिंतींवर आता कंपन्यांच्या नावाच्या पाट्या दिसतात त्या यामुळेच.

फुल्यांनी दाखवलेली विसंगतीही पालटून समोर आली आहे. जमिनीचा मोबदला मिळालेल्या घरांतली मुले पिवळ्या व्हॅनमधून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात. जिल्हा परिषदेच्या बाकांवर बसतात ती भाड्याच्या खोल्यांतली मुले. कुणी मराठवाडा-विदर्भातून आलेली, कुणी बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून. मराठी त्यांच्यापैकी अनेकांची शाळेतच सुरू होणारी भाषा. आणा भरणारा आणि बाकावर बसणारा वेगळा, हे जुनेच. फक्त या वेळी भरणारा स्वखुशीने उठून गेला आहे.

याच खेड तालुक्याच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या डोंगरात, चित्र उलटे आहे. तिथे वस्ती पातळ आणि पट तुटपुंजा. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा समूह शाळांत मिळवण्याचा विचार राज्य सरकारने २०२३ मध्ये पुढे आणला तेव्हा धास्ती होती ती अशाच वाड्या-वस्त्यांना. पण तुटपुंजा पट कायमचा नसतो, हे जालिंदरनगरने दाखवले. याच तालुक्यातल्या या वस्तीवरच्या, पट अगदी दोन-चार मुलांवर आलेल्या जिल्हा परिषद शाळेने गावकऱ्यांच्या सहभागातून उभारी घेतली आणि २०२५ मध्ये जगातील सर्वोत्तम शाळांच्या पुरस्कारात लोकपसंतीचा मान मिळवला.

इकडे कुरुळी-चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या शिक्षकाची अडचण पटाची नाही, पट टिकण्याची आहे. शिक्षणहक्क कायद्यानुसार दाखला नसला तरी मुलाला प्रवेश द्यावा लागतो, तोही वयाप्रमाणे वर्गात. त्यामुळे मूल वर्षाच्या कोणत्याही महिन्यात दारात उभे राहते. बापाचा ठेका संपला की ते तसेच निघूनही जाते. दाखला न्यायला पुष्कळदा कुणी येत नाही, आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीची खूण पडत राहते.