जिलबीकडे वळलेला मोर्चा

लग्नाच्या पंगतीत मसालेभात आटोपून एखादे काका जिलबीकडे ‘मोर्चा वळवतात’, तेव्हा कुणालाही त्यात दारूगोळ्याचा वास येत नाही. खरे तर अशा वेळी वळतात त्या तोफा! मोर्चा हा शब्द फारसीतून आलेला. किल्ल्याला वेढा घालताना तटासमोर मातीचा आडोसा करून तोफा डागण्यासाठी तयार केलेली जागा म्हणजे मोर्चा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, ती असे मोर्चे लावून आणि तटाला सुरुंग लावून.

म्हणजे मूळचा मोर्चा चालत नाही, एका जागी रुतून बसतो. त्याला पाय फुटले ते मराठीत. हिंदीत तो अजून जागेवरच आहे. १९९६ साली दिल्लीत ‘संयुक्त मोर्चा’चे सरकार आले, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी त्याला ‘संयुक्त आघाडी’ म्हटले. (आघाडी तरी कुठे सोज्वळ? तीही फौजेचीच.) आम्ही बँकेत दर मार्चला ठेवींची ‘मोहीम’ काढायचो आणि तिची मोर्चेबांधणी शाखाधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये चहावर व्हायची.

१० जानेवारी १९३८ रोजी खोतीविरुद्ध बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली कोकणातले शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर गेले, तो मोर्चा चालणारा. सत्तरच्या दशकात महागाईने पिचलेल्या मुंबईच्या गृहिणी मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तोही तसाच. पुढे हंडा मोर्चे निघाले, २०१६ मध्ये मूक मोर्चे निघाले. तोफ गेली, लाटणे आले. पण व्याकरणाने जुनी खूण सोडलेली नाही. मोर्चा मंत्रालया‘कडे’ नेत नाहीत, मंत्रालया‘वर’ नेतात. त्या ‘वर’मध्ये तटावरची चढाई अजून शिल्लक आहे.

आमच्या उरणात मात्र या शब्दाने उलटा प्रवास केला. १९७० पासून नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरणमधल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. भातशेती आणि मिठागरे जाणार होती, आणि मोबदला तुटपुंजा होता. जासईचेच असलेले दि. बा. पाटील पुढे झाले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला माणसे जमली ती दूरच्या कुठल्या कचेरीवर जायला नव्हे. आगरी-कोळी बायाबापे आपल्याच गावांच्या शिवारात, जमिनीचा ताबा द्यायचा नाही म्हणून उभी राहिली. पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. त्या रक्ताच्या मोलाने साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. तिचे भूखंड मिळवण्यासाठी कित्येकांना वर्षानुवर्षे हेलपाटे घालावे लागले, ही गोष्ट निराळी.

आजही जानेवारीत त्या हुतात्म्यांना अभिवादन करायला इथे माणसे जमतात. ज्या शिवारासाठी ती उभी राहिली, तिथून आता न्हावा-शेव्याच्या बंदराकडे कंटेनरचे ट्रेलर धावतात.