लिंक तपासताना तुमचा फोन गूगलला काय सांगतो?

'पीएम किसानचा हप्ता अडकला आहे, खालच्या लिंकवर केवायसी करा.' असा मेसेज गावाच्या ग्रुपवर पडला की कुणीतरी ती लिंक दाबतोच. अशा वेळी कधी कधी फोनवर लाल पान येतं आणि ही साइट धोक्याची आहे, असं सांगतं. हे काम क्रोममधलं 'सेफ ब्राउझिंग' करतं. पण 'गूगल आपलं सगळं बघतंय' म्हणून काही जण ते बंदच करून ठेवतात. तिथंच घात होतो. म्हणून फोन नेमकं काय पाठवतो ते समजून घेऊ.

आधी दळण, मग चिमूटभर पीठ

गिरणीत ज्वारी दळली की पिठाचे पुन्हा दाणे होत नाहीत. तसंच फोन लिंकच्या पत्त्याचं दळण करून 64 अक्षर-अंकांचा एक कोड बनवतो. त्यातले फक्त पहिले 8 तो पाठवतो. तेवढ्यावरून तुम्ही कोणती साइट उघडली हे ठरवता येत नाही, कारण त्याच 8 अक्षरांनी सुरू होणारे पत्ते असंख्य असू शकतात. त्या 8 शी जुळणारे धोकादायक पत्त्यांचे पूर्ण कोड गूगल परत पाठवतं आणि शेवटची ताडणी तुमच्याच फोनमध्ये होते.

2024 पासून क्रोममध्ये ही चिठ्ठी तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरमार्फत जाते. चिठ्ठी बंद असल्यामुळे मधल्याला आतलं दिसत नाही आणि गूगलला ती कुणाच्या फोनवरून आली ते कळत नाही.

कोणता पर्याय ठेवायचा?

क्रोममध्ये तीन ठिपके, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, सेफ ब्राउझिंग असं जा. तिथं तीन पर्याय दिसतील. वर सांगितलेली पद्धत 'स्टँडर्ड'ची. 'एनहान्स्ड'मध्ये राखण जास्त, पण साइटचा पूर्ण पत्ता गूगलकडे जातो. 'नो प्रोटेक्शन' मात्र ठेवू नका.

बँका आणि मोठ्या ऑफिसांत इंटरनेटची लाइन आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये हेच राखणीचं काम करणारी वेगळी मशीन बसवतात. नव्या धोक्याची माहिती कंपनीला किती द्यायची, पूर्ण पत्ता की झाकलेला, हे काही मशीनमध्येही निवडता येतं. तुमच्या पतसंस्थेत अशी मशीन असेल तर हे कुणी तपासलंय का, सभासद म्हणून जरूर विचारा.

लाल पान सगळं थांबवत नाही

व्हॉट्सअॅपवर थेट आलेली एपीके फाइल क्रोममधून जातच नाही. तिच्यासाठी प्ले स्टोअरमधलं 'प्ले प्रोटेक्ट' चालू ठेवा. ते बंद करायला सांगणारा माणूस चोरच समजा.

दुसऱ्याला सावध करताना

आपल्यालाही हेच करायचंय: धोका सांगायचा, स्वतःची माहिती झाकायची. ग्रुपवर लिंक फॉरवर्ड करू नका, स्क्रीनशॉट टाका. त्यातलं नाव, खाते नंबर, आधार नंबर आधी खोडा. पैसे गेले नसतील तर संशयित मेसेज किंवा कॉलची माहिती 'संचार साथी' पोर्टलवरच्या 'चक्षू'मध्ये द्या. पैसे गेले असतील तर लाज न बाळगता ताबडतोब 1930 वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात.