छताचा कठडा आणि शासनाचे दायित्व
नवे घर बांधणाऱ्याने छताला कठडा करावा, न केल्यास पडणाऱ्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असे अनुवाद २२:८ सांगते. दोष पडणाऱ्यावर नव्हे, घरधन्यावर आहे. १ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलाचे अवजड यंत्र कोसळून २० जण मृत्यू पावले. सार्वजनिक कामात घरधनी शासनच होय. ठेका देता येतो, दायित्व देता येत नाही. पेंढा बंद करूनही विटांची संख्या तीच मागणाऱ्या फारोची रीत (निर्गम ५) मुदतीपायी सुरक्षा डावलण्यात आम्हांस दिसते. म्हणून सुरतेस मजुरीला गेलेल्या खानदेशी कुटुंबांत असो वा अन्यत्र, अशा मृत्यूनंतर सांत्वन करताना आपण केवळ ‘देवाची इच्छा’ म्हणून थांबू नये. कठडा कोणी बांधावयाचा होता, हेही विचारावे.