सर्पगंधा : ओळख आणि लागवड



"सर्पगंधेची रोपे घेतली, पण ती खरी आहेत का?" असा प्रश्न वरचेवर येतो. तेव्हा आधी ओळख पटवून घेऊ. सर्पगंधा हे रानात मोठ्या झाडांच्या सावलीला, पालापाचोळ्याच्या ओलसर मातीत वाढणारे, गुडघाभर उंचीचे सदाहरित झुडूप. पेराला बहुधा तीन-तीन पाने, लालसर देठांवर पांढऱ्या फुलांचे झुबके, फळ पिकले की जांभळट काळे. पडीक जागी, रस्त्याकडेला भर उन्हात वाढणारी, पेराला चार लहान-मोठी पाने असलेली जी दिसते, ती अमेरिकेतून आलेली दुसरी जात. तिच्या मुळाला तेवढा भाव नाही. पाने मोजल्याखेरीज पैसे मोजू नका.

मागणी आहे ती मुळाला. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावर या मुळाचा गुण दाखवून दिला. १९५२ मध्ये त्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढले गेले. मग काय, रानेच्या राने खणली गेली! मूळ काढले की झाड गेलेच. म्हणून आता रानातले उपटण्याऐवजी लावलेलेच विकावे.

नारळ-सुपारीच्या बागेतली विरळ सावली तिला मानवते. पाणी साचणारी जमीन मात्र नको, मुळे कुजतात. खरी अडचण बियाण्याची. बी ताजेच घ्यावे, पाण्यात टाकून तरंगणारे काढून टाकावे. एवढे करूनही निम्मे उगवेल अशी आशा धरू नका. रोपवाटिकेत बी दाटच पेरा. उगवण महिनाभर रेंगाळते, घाईने वाफा मोडू नये. मे महिन्यात पेरून पावसात ६० × ३० सेंटिमीटरवर रोपे लावावीत.

दीड वर्षाच्या आत मूळ काढू नये. थंडीत पाने कमी होतात, तेव्हा मुळात औषधी अंश जास्त असतो. जमीन आधी भिजवून खोल खणा. मूळ धुताना साल खरवडू नका, बहुतेक औषध सालीतच असते. आणि हो, घरच्या घरी कोणाला रक्तदाबासाठी हे मूळ उगाळून देऊ नका. दाब एकदम उतरतो, मनही खचते.

विक्रीपूर्वी लागवडीच्या दाखल्याबद्दल जवळच्या वनखात्याच्या कचेरीत चौकशी करावी. व्यापारी तो मागतात.