खोदण्याआधीचा कानोसा

गल्लीत जेसीबी आला की तासाभरात कुणाचं तरी नेट जातं, नाहीतर पाण्याचं कारंजं उडतं. न खोदता जमिनीखालची केबल सापडते तरी कशी?

वीज वाहणाऱ्या तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते मातीतून वरही येतं. काठीसारखं यंत्र जमिनीलगत धरून माणूस चालत राहतो. यंत्रातल्या तारेच्या वेटोळ्याला ते क्षेत्र जाणवलं, की यंत्र गुणगुणू लागतं. केबलच्या बरोबर डोक्यावर आवाज सर्वांत मोठा. बाजूला सरकलं की मंद. तिथेच रंगाची खूण करायची.

लोखंडी पाइपात वीज नसते. मग व्हॉल्व्हपाशी उघड्या धातूला चिमटा लावून त्यात सौम्य सिग्नल सोडतात. पाइप ‘बोलू’ लागतो.

प्लास्टिकचा पाइप मात्र मुका. त्याच्यासाठी रडारची गाडी ढकलत रेडिओ लहरी खाली सोडतात. पाइप आडवा आला की काही लहरी परततात. विहिरीत हाक मारून प्रतिध्वनी ऐकावा, तसंच हे. परतायला किती वेळ लागला, त्यावरून खोलीचा अंदाज येतो. पण ओली काळी माती या लहरी गिळून टाकते. म्हणून खुणेपाशी आधी हातानं, जपून छोटा खड्डा घेऊन खात्री करतात.

केंद्र सरकारचं ‘कॉल बिफोर यू डिग’ अ‍ॅप 22 मार्च 2023 रोजी सुरू झालं. खोदणाऱ्यानं त्यावर कळवलं, की खालच्या वाहिन्यांच्या मालकांना सूचना जाते. कुदळ उचलण्याआधी एवढं तरी करा.