मत नसलेला कारभारी

मी न्यू जर्सीतल्या एका सरकारी शाळेत सातवी-आठवीला गणित शिकवते. सुटीत साताऱ्याला गेले की जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले माझे बाबा विचारतात, "तुमचे शिक्षणाधिकारी कुठून बदलून आले?" मग मी सांगते, की इथे बदली नसते आणि तो माणूस सरकार पाठवतही नाही. गावच जाहिरात देतं, मुलाखती घेतं आणि नेमतं. त्याला सुपरिंटेंडेंट म्हणतात.

आपला शिक्षणाधिकारी राज्य सेवेतला. लोकसेवा आयोगामार्फत किंवा बढतीने येतो, शासनाच्या आदेशाने जातो. अमेरिकेत सुमारे १३ हजार स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत, एकट्या न्यू जर्सीत सहाशेच्या आसपास. प्रत्येकाचं बोर्ड वेगळं, बजेट वेगळं, आणि पैशाचा मोठा वाटा गावच्या घरपट्टीतून येतो. बोर्डाचे सभासद बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेले आणि बिनपगारी असतात. कुणी नर्स, कुणी वकील, कुणी दुकानदार. हे बोर्ड सुपरिंटेंडेंटशी तीन ते पाच वर्षांचा करार करतं. पटलं तर पुढे, नाही तर दुसऱ्या गावी अर्ज.

या खुर्चीची वाट बहुधा वर्गातूनच जाते. आधी काही वर्षं शिकवायचं, मग उपमुख्याध्यापक, मुख्याध्यापक, सहायक सुपरिंटेंडेंट. सोबत पदव्युत्तर शिक्षण आणि राज्याचा परवाना. नव्या माणसाला सुरुवातीचा काळ अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली काढावा लागतो. दुःखाची गोष्ट ही, की देशातल्या दर चार शिक्षकांमागे जवळपास तीन महिला, पण सुपरिंटेंडेंटांत महिला अजून तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. एला फ्लॅग यंग १९०९ मध्ये शिकागोच्या सुपरिंटेंडेंट झाल्या, तेव्हा देशातल्या सगळ्या महिलांना मतदानाचा हक्कही नव्हता. १८६२ मध्ये त्यांनी वर्गात शिकवायला सुरुवात केली होती. बोर्डाशी खटके उडाले, १९१३ मध्ये त्यांनी पद सोडलं आणि शहरात इतका गदारोळ झाला, की त्यांना परत आणावं लागलं.

खटके उडण्याचं कारण या पदाच्या रचनेतच आहे. न्यू जर्सीच्या कायद्याने सुपरिंटेंडेंटच्या शिफारशीवाचून बोर्डाला शिक्षक नेमता येत नाही. पण सुपरिंटेंडेंट बोर्डात बसतो तो मताविना. शिफारस त्याची, मंजुरी बोर्डाची. म्हणून इथे हुकूम चालत नाही, पटवून द्यावं लागतं.

आमच्या गावातली बजेटची एक सभा आठवते. खर्चात कपात म्हणून संगीताच्या एका शिक्षिकेचं पद जाणार होतं. हायस्कूलच्या लायब्ररीत माईकसमोर पालकांची रांग, प्रत्येकाला तीन मिनिटं. पाचवीतली एक मुलगी व्हायोलिन घेऊनच आली होती. आमच्या सुपरिंटेंडेंटबाईंनी शेवटच्या माणसापर्यंत ऐकून घेतलं, मुद्दे वहीत टिपले आणि मग पडद्यावर हिशोब मांडला. आरोग्यविम्याचा हप्ता वाढला, बसचं कंत्राट महागलं, आणि कायद्याने घरपट्टीची रक्कम काही अपवाद सोडले तर वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. पुढच्या सभेला त्या नवा प्रस्ताव घेऊन आल्या. मुख्य कार्यालयातली रिकामी जागा भरायची नाही आणि संगीताच्या बाई दोन शाळांत मिळून शिकवतील. बोर्डाने हात वर करून मंजुरी दिली. बाईंना हात वर करायचा अधिकार नव्हता, पण वाट त्यांनीच काढली होती.

हिवाळ्यातल्या हिमवादळाच्या रात्री बाईंची हीच जबाबदारी वेगळं रूप घेते. भल्या पहाटे रस्ते खात्याला फोन, बसवाल्यांना फोन, शेजारच्या गावांच्या सुपरिंटेंडेंटांशी बोलणं. शाळा सुरू ठेवली आणि बस घसरली तर जाब त्यांना. बंद ठेवली तर कामावर जाणाऱ्या आईबापांची धावपळ, आणि वर्षाचे १८० दिवस भरायचे म्हणून पुढच्या सुटीला कात्री. पहाटे पालकांच्या फोनवर येणाऱ्या त्या छोट्या निरोपामागे एवढा विचार असतो.

मला या पदाबद्दल आदर वाटतो तो या उघडेपणामुळे. शाळेचा पैसा कुठून आला, कुठे गेला, हे गावासमोर उभं राहून सांगावं लागतं, विचारणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. आपल्याकडेही २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. गावाकडच्या माझ्या भाचेमंडळींच्या आईबापांनी त्या बैठकांना नुसत्या सहीपुरतं जाऊ नये, प्रश्न विचारावेत. आणि इथल्या मराठी पालकांना माझी विनंती आहे, की फक्त मुलांचे गुण पाहायला शाळेत येऊ नका. वसंतातल्या बजेटच्या सभेला या, तीन मिनिटं घ्या. चांगल्या सुपरिंटेंडेंटला विचारणारी माणसं हवी असतात, कारण त्यांच्या पाठबळावरच तो बोर्डाला पटवू शकतो.