दुसरं लॅक्टेट

सकाळी ८. रात्रपाळीच्या डॉक्टरांकडून आयसीयूचा चार्ज घेत असतानाच कॅज्युअल्टीतून काकू वर आल्या. वय साठीचं, वजन पन्नासच्या आसपास, जुना मधुमेह, दोन दिवस थंडी वाजून ताप आणि डाव्या कुशीत दुखणं. बीपी ७८/४०. नाव विचारलं तर गावाचं नाव सांगत होत्या.

८:१५. लॅक्टेट मोजायला मनगटाच्या धमनीतून रक्त घेतलं. सिरिंज पडून राहिली की आतल्या तांबड्या पेशी साखर वापरून लॅक्टेट तयार करत राहतात आणि आकडा फुगतो. म्हणून सॅम्पल नेणाऱ्या वॉर्डातल्या मामांना रोज सांगते, वाटेत कुठे थांबू नका. लॅक्टेट ६.२. दोनपर्यंत आम्ही निर्धास्त असतो.

८:३०. ब्लड कल्चर घेऊन सिस्टरनी मेरोपेनेमचा पहिला डोस दिला. शॉकमध्ये अँटिबायोटिक पहिल्या तासातच जायला हवं. किलोमागे ३० मिली या हिशेबाने दीड लिटर आरएल (रिंगर लॅक्टेट) सुरू. इंटर्नने विचारलं, "मॅडम, आरएलमध्येच लॅक्टेट असतं ना?" असतं, पण ते यकृत एरवी सहज संपवतं. फक्त ज्या हाताला सलाईन चालू आहे, त्या हातातून सॅम्पल घ्यायचं नाही.

९:३०. पाणी जाऊनही बीपी उठेना. नॉरअॅड्रेनालिन लावलं. पाणी पुरेसं देऊनही सरासरी दाब ६५ वर ठेवायला असं औषध लागतं आणि लॅक्टेट दोनच्या वर राहतं, त्यालाच २०१६ च्या व्याख्येनुसार सेप्टिक शॉक म्हणतात. अशा शंभरातले चाळीसहून अधिक रुग्ण दगावतात. बाहेर मुलाला हे बसवून सांगितलं. घाईत सांगायची ही गोष्ट नव्हे.

११. दुसरं लॅक्टेट. दिवसातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा आकडा हाच. पहिल्यावरून आजार किती खोल आहे ते कळतं, दुसऱ्यावरून आपण योग्य वाटेवर आहोत का ते. मॉनिटरवर सरासरी दाब ६८, सगळ्यांचे चेहरे सैलावलेले, आणि लॅक्टेट ५.८. म्हणजे जवळजवळ तिथेच.

"अजून एक लिटर सोडू?" इंटर्नचा प्रश्न साहजिक होता. पण लॅक्टेट काही फक्त रक्तपुरवठा कमी पडल्यानेच वाढत नाही. शरीरात उसळलेल्या अॅड्रेनालिनमुळे स्नायू साखर झपाट्याने जाळतात, दमलेलं यकृत लॅक्टेट हळू उपसतं, आणि काकूंच्या मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनचाही त्यात हात असू शकतो. नुसत्या आकड्यावर पाणी ओतत गेलं तर फुप्फुसं भरतात. मी काकूंच्या बोटाचं टोक दहा सेकंद दाबून धरलं. रंग तीन सेकंदांत परतायला हवा; पाच लागले. गुडघ्यांवर जांभळट जाळी. लॅटिन अमेरिकेतल्या पाच देशांत झालेल्या अँड्रोमेडा-शॉक या अभ्यासात (२०१९) बोट पाहून उपचार केलेल्या गटात २८ दिवसांत ३४.९ टक्के मृत्यू झाले, लॅक्टेट पाहून केलेल्या गटात ४३.४ टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक थोडक्यात निसटला, तरी बोट दाबायला पैसा लागत नाही आणि मशीनही लागत नाही.

इकोत हृदय बरं आकुंचन पावत होतं, फुप्फुसांत मात्र पाण्याच्या रेषा दिसू लागल्या होत्या. मग उरला तो मूळ उगम. सोनोग्राफीत डाव्या मूत्रनलिकेत अडकलेला खडा आणि फुगलेलं मूत्रपिंड. कोंडलेल्या पुवापर्यंत अँटिबायोटिक नीट पोहोचत नाही. तो बाहेर काढल्याशिवाय आकडा हलणार नव्हता.

दुपारी १. युरोसर्जननी पाठीतून नळी घातली. दाट पू आला.

३:३०. लॅक्टेट ३.९, बोटाचा रंग तीन सेकंदांत. लघवी तासाला ४० मिली. काकूंनी मुलाला नावाने हाक मारली.

रात्री ८. लॅक्टेट २.४, नॉरअॅड निम्म्यावर. रात्रीच्या डॉक्टरांना सांगितलं: बोट दर तासाला दाबून बघा, पाठीतली नळी वाहतेय का पाहा, लॅक्टेट पुन्हा बाराला. नळी अडली तर लॅक्टेटची वाट न पाहता आधी युरोला फोन करा.